करुणेचा झरा आटतो तेव्हा

वाचनासाठी उतारे : मार्क ६:३०-४६, गणना ११:१०-१७, लूक १०:२५-३७



डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, रात्रीच्या वेळी, दिल्लीच्या एम्स मेट्रो स्थानकातून जो बाहेर पडतो त्याच्या दृष्टीस एक देखावा पडतो. एका बाजूस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या उंच इमारती, रस्त्याच्या पलीकडे सफदरजंग रुग्णालय, आणि या दोहोंच्या आसपासच्या पदपथांवर गोधड्या पांघरून निजलेली माणसे. कोणी बिहारमधून आलेले असते, कोणी उत्तर प्रदेशातून, कोणी त्याहूनही दुरून. उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत रुग्णाचे कागद व क्ष-किरणांचे फोटो असतात. तपासणीची पुढची तारीख येईपर्यंत तो पदपथ हेच त्यांचे घर.

हे दृश्य प्रथम पाहणाऱ्याचे पाऊल अडखळते. तो खिशात हात घालतो, कोणाची विचारपूस करतो, घरी गेल्यावर त्या रात्री त्याला घास गोड लागत नाही. परंतु तोच मनुष्य त्याच मार्गाने रोज कामावर जाऊ लागला म्हणजे काय होते? दहाव्या दिवशी तो नुसता पाहतो. पन्नासाव्या दिवशी पाहतही नाही. आणि एखाद्या दिवशी वाट अडवून निजलेल्या म्हाताऱ्याला ओलांडून जाताना त्याच्या मनात दयेऐवजी त्रासिकपणा येतो. पुढे मेट्रोत बसल्यावर तो स्वतःशीच दचकतो : मला असे का वाटले? मी असा नव्हतो.

वाचकहो, हा अनुभव केवळ दिल्लीकरांचा नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या सासूची चार वर्षे सेवा करणारी सून मनाशी आणा. रात्री चौथ्यांदा हाक येते. ती उठते, पाणी देते, कूस बदलून देते. पण पूर्वी जो उमाळा येत असे तो आता येत नाही. मनात केवळ एक कोरडी थंडी असते, आणि त्या थंडीची तिला भीती वाटते. रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, दुःखी कुटुंबांच्या भेटीस जाणारे धर्मसेवक, या सर्वांना ही भीती ठाऊक आहे. बहुधा ते कोणापाशी बोलत नाहीत, कारण ‘मला आता कोणाचे काही वाटत नाही’ असे म्हणणे ही ख्रिस्ती मनुष्याला मोठी लाज वाटते.

या लेखात आपण त्याच लाजेचा उघडपणे विचार करणार आहोत. करुणा आटते ती का? ती आटली म्हणजे मेली काय? आणि ती परत येईपर्यंत आपण कसे वागावे?

झरा का आटतो?

आपल्या भाषेत एक म्हण आहे : रोज मरे त्याला कोण रडे. म्हण कठोर आहे, पण मनुष्यस्वभावाचे तिने केलेले निदान खोटे नाही. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी याच निदानाचा शोध घेतला असून त्यातून चार कारणे आपणांस स्पष्ट दिसतात.

पहिले कारण संख्या. दुःख जितके मोठे तितकी करुणा मोठी, असे आपणांस वाटते. घडते ते उलट. २००७ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी काहींना आफ्रिकेतील एका सात वर्षांच्या मुलीची माहिती देण्यात आली, काहींना लाखो भुकेल्यांचे आकडे देण्यात आले. मुलीची हकीकत वाचलेल्यांनी अधिक पैसे दिले. विशेष म्हणजे मुलगी आणि आकडे दोन्ही ज्यांच्यापुढे ठेवले त्यांचे दान केवळ मुलीची हकीकत वाचलेल्यांपेक्षा कमी भरले. चेहरा आकड्यांत बुडाला. आपले अंतःकरण एका माणसासाठी द्रवते. समुदायापुढे ते गोंधळते व मिटते.

दुसरे कारण घाई. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला तो आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मविद्यालयाच्या चाळीस विद्यार्थ्यांना जवळच्या इमारतीत जाऊन लहानसे भाषण करण्यास सांगितले होते. त्यांच्यापैकी काहींच्या भाषणाचा विषय चांगल्या शोमरोन्याचा दाखला हाच होता. वाटेत एक मनुष्य दाराशी कण्हत व खोकत बसलेला होता. तो मुद्दामच तेथे बसवलेला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यापैकी शेकडा ६३ जणांनी त्याला काही ना काही मदत केली. ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यापैकी शेकडा ४५ जणांनी केली. आणि ‘तुम्हांला उशीर झाला आहे’ असे सांगून ज्यांना पाठवले होते त्यांच्यापैकी शेकडा १० जणांनीच केली. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्यावर भाषण करण्याच्या घाईत विद्यार्थी याजक व लेवी यांच्याप्रमाणे निघून गेले! ते दुष्ट नव्हते. त्यांना उशीर झाला होता.

तिसरे कारण भीती. ऑगस्ट २०१६ मध्ये पश्चिम दिल्लीतील सुभाष नगर भागात पहाटे एका टेम्पोची धडक बसून एक पादचारी रस्त्याच्या कडेला पडला. चालकाने खाली उतरून पाहिले आणि तो निघून गेला. सुमारे तासभर तो जखमी मनुष्य तेथे पडून होता. गाड्या व माणसे जवळून जात होती. एकजण थांबला, तो त्याचा मोबाईल उचलून नेण्यासाठी. तो मनुष्य मरण पावला. कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य पाहून सारा देश हळहळला. पण आपण स्वतःला विचारावे : जाणारे सर्वच निर्दय होते काय? पोलिसांचे खेटे, साक्षीसाठी न्यायालयाच्या फेऱ्या, रुग्णालयाचे बिल आपल्या गळ्यात पडण्याचे भय, यांनी आपल्या देशात कित्येकांचे हात वर्षानुवर्षे बांधून ठेवले आहेत. वास्तविक त्याच वर्षी ३० मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने जखमीस मदत करणाऱ्याला असा त्रास होऊ नये यासाठी मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली होती, आणि पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून त्याला संरक्षण देण्यात आले. ही माहिती ज्याला नाही त्याची करुणा भीतीखाली दबून जाते.

चौथे कारण थकवा, आणि आपल्या विषयाचे मर्म यातच आहे. १९९२ साली कार्ला जॉइन्सन या अमेरिकन परिचारिकेने परिचारिकांच्या एका नियतकालिकात लिहिताना या अवस्थेला ‘करुणेचा थकवा’ अशा अर्थाचे नाव वापरले. दुसऱ्याचे दुःख सतत अंगावर घेणाऱ्यास एक वेळ अशी येते की त्याचे मन स्वतःच्या रक्षणासाठी दार लावून घेते. २००९ साली फिलाडेल्फिया येथील वैद्यकीय विद्यार्थ्यांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की विद्यार्थ्यांची सहवेदना तिसऱ्या वर्षी लक्षणीय प्रमाणात घटते. आणि हेच ते वर्ष ज्यात त्यांचा रुग्णांशी खराखुरा संबंध सुरू होतो. जेथे करुणेची गरज सर्वांत जास्त तेथेच ती आटावी, हे कोडे वाटते. परंतु जी विहीर रात्रंदिवस उपसली जाते तीच आधी कोरडी पडते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात कामाच्या ताणातून येणाऱ्या जळून गेल्यासारख्या अवस्थेची नोंद केली. तिला रोग म्हटले नाही. पण शक्तिपात, कामाविषयी मनात पडलेले अंतर किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना अशी तिची तीन लक्षणे दिली.

तेव्हा स्वतःवर निकाल देण्याआधी कारण ओळखा. घाईवर उपाय वेळ, भीतीवर उपाय माहिती, संख्येवर उपाय चेहरा, आणि थकव्यावर उपाय विसावा. थकलेल्या मनुष्याला ‘तू अधिक प्रेम कर’ असा उपदेश करणे म्हणजे कोरड्या विहिरीत आणखी एक पोहरा सोडणे होय. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

दिल्लीचा तो वैशाख

एप्रिल-मे २०२१ मध्ये दिल्लीवर करोनाची दुसरी लाट आली. २० एप्रिल या एकाच दिवशी दिल्लीत २८,३९५ नवे रुग्ण नोंदले गेले. खाटा मिळेनाशा झाल्या, प्राणवायू संपू लागला, स्मशानांत जागा उरली नाही म्हणून मोकळ्या मैदानांत व वाहनतळांवर चिता रचाव्या लागल्या. प्रत्येकाच्या मोबाईलवर दिवसरात्र एकच हाक येत होती : कोठे सिलिंडर आहे काय? कोठे खाट आहे काय?

पहिल्या दिवसांत लोक प्रत्येक हाकेसरशी धावले. त्यानंतर अनेकांच्या मनाचे जे झाले ते त्यांनी पुढे कबूल केले आहे. हाक वाचायची, पुढे पाठवायची, आणि मनात काहीच उमटायचे नाही. ओळखीच्या माणसाच्या मृत्यूची बातमी आली तरी डोळ्यांत पाणी नाही. काहींना ते पाणी कित्येक महिन्यांनी आले, एखाद्या क्षुल्लक निमित्ताने : कपाटात सापडलेला चष्मा, किंवा मोबाईलमध्ये राहून गेलेला नंबर.

यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जे अश्रू महिन्यांनंतर आले ते मेलेल्या अंतःकरणातून आले नाहीत. विहीर बुजलेली नव्हती. ती आटलेली होती. उपसा थांबल्यावर झरे पुन्हा पाझरले.

त्याच दिवसांतील दुसरे चित्रही पाहा. दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादच्या इंदिरापुरम येथील गुरुद्वाऱ्याने प्राणवायूचा लंगर सुरू केला. ज्यांना कोठेच खाट मिळाली नाही ते रुग्ण मोटारीतून व रिक्षांतून तेथे येत, आणि वाहनात बसल्या बसल्या त्यांना प्राणवायू दिला जाई. तेथे राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या अंतःकरणात प्रत्येक रुग्णासाठी नवा उमाळा येत होता काय, हे आपण विचारत नाही. आणि त्या रुग्णांनीही विचारले नाही. त्यांना श्वास हवा होता. तो मिळाला.

थकलेले शिष्य आणि प्रभू

आता मार्ककृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडा. पाच हजारांना जेवू घालण्याचा चमत्कार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. पण त्याच्या आधीची व नंतरची वचने सहसा भरभर वाचतो.

शिष्य सेवेच्या पहिल्या फेरीवरून परत आले आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी गर्दी आहे की त्यांना जेवायलाही सवड नाही. प्रभू त्यांचे काम ऐकून घेतो आणि पुढचे काम सांगत नाही. तो त्यांना एकांत स्थळी येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. ही त्याची आज्ञाच आहे. सेवकांचा थकवा त्याने प्रथम ओळखला, त्यांनी सांगण्याआधी.

पण लोक पायी धावत त्यांच्या आधी पोहोचतात. तो समुदाय पाहून येशूला कळवळा येतो. शिष्यांना मात्र तो आल्याचे मार्क लिहीत नाही. संध्याकाळ झाल्यावर ते येऊन सुचवतात की या लोकांना निरोप द्यावा, म्हणजे ते आसपासच्या गावांत जाऊन आपल्या खाण्याची सोय करतील. वाचकहो, या सूचनेत आपण आपला आवाज ओळखत नाही काय? ती वाजवी आहे, व्यवहारी आहे. आणि तिच्या तळाशी विसावा हुकलेल्या माणसांचा शिणवटा आहे.

येथे प्रभू काय करतो ते नीट पाहा. ‘तुमचे अंतःकरण कठीण झाले आहे’ असा ठपका तो या क्षणी ठेवत नाही. तुमच्यात कळवळा का नाही, असेही विचारत नाही. तो त्यांना भाकरी मोजायला सांगतो. भावनेचा हिशेब नाही. हाताशी काय आहे त्याचा हिशेब. पाच भाकरी, दोन मासे. मग तो पाच हजारांच्या त्या समुदायाला शंभर-शंभर व पन्नास-पन्नास जणांच्या पंक्तींनी हिरवळीवर बसवतो. ज्या गर्दीपुढे मन दडपून गेले होते तिच्या पंगती झाल्या. थकलेल्या शिष्यांनी प्रत्येकाच्या हाती तुकडा दिला. लोक तृप्त झाले ते शिष्यांच्या उमाळ्याने नव्हे. तरी वाटले शिष्यांनीच.

आणि त्यानंतर? प्रभूने लगेच शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवले, स्वतः मागे राहून लोकांना निरोप दिला, आणि प्रार्थना करण्यास तो डोंगरावर गेला. जी गोष्ट शिष्यांनी सुचवली होती तीच, म्हणजे समुदायाला निरोप देणे, त्याने शेवटी केली. पण जेवू घालून केली, आणि निरोपाचे ओझे थकलेल्यांवर न टाकता स्वतः घेतले. यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. गर्दीला कधीच निरोप द्यायचा नाही, असा नियम प्रभूने घातला नाही. आणि ज्याचा कळवळा कधी आटला नाही त्यालाही डोंगर हवा होता.

मोशेची तक्रार

गणनाच्या अकराव्या अध्यायात मोशेचे जे बोलणे आहे ते वाचून भीती वाटते. मांसासाठी रडणाऱ्या लोकांना तो कंटाळला आहे. परमेश्वराला तो विचारतो की या लोकांना मी जन्म दिला काय, म्हणून तान्ह्या मुलाप्रमाणे यांना उराशी धरून न्यावे? हे ओझे मला एकट्याला झेपत नाही. असेच वागवायचे असेल तर मला मारून टाक. हाच तो मोशे, ज्याने याच लोकांसाठी स्वतःचे नाव पुसले जाण्याची तयारी दाखवली होती. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायातील मध्यस्थ आणि गणनाच्या अकराव्या अध्यायातील त्रासलेला पुढारी हा एकच मनुष्य आहे.

परमेश्वराने त्याला निर्दय ठरवले नाही, आणि पदावरूनही काढले नाही. इस्राएलाच्या वडील जनांपैकी सत्तर पुरुष गोळा करायला सांगितले, म्हणजे त्याला एकट्याला ओझे वाहावे लागू नये. मोशेच्या मनात अधिक प्रेम ओतण्याऐवजी त्याच्या खांद्याला सत्तर खांदे जोडले गेले. ‘एकट्याला’ हा शब्द मोशेच्या तक्रारीचा गाभा होता, आणि उत्तरही नेमके त्याच शब्दाला मिळाले.

शोमरोनी उतारशाळेत किती दिवस राहिला?

चांगल्या शोमरोन्याला आपण अमर्याद करुणेचा नमुना मानतो. पण लूकचा दहावा अध्याय पुन्हा वाचा. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्या मनुष्याला उतारशाळेत नेले, एक रात्र त्याची काळजी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देऊन, अधिक खर्च झाल्यास परत येताना देण्याचे वचन देऊन, तो आपल्या वाटेने गेला. त्याने आपला प्रवास मोडला नाही. त्याची करुणा खरी होती, म्हणूनच तिने आपली मर्यादा ओळखली व दुसऱ्याचे साहाय्य घेतले.

प्रत्येक शोमरोन्याला उतारशाळा लागते. दिल्लीतच याचे एक जुने उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात प्रिसिला विंटर या मिशनरी बाईंनी पडद्यातील स्त्रियांसाठी औषधोपचाराचे काम सुरू केले. १८८१ साली त्या वारल्या. एका व्यक्तीच्या बळावर चाललेली करुणा त्या व्यक्तीबरोबर संपली असती. पण १८८५ साली चांदनी चौकात स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेंट स्टीफन्स रुग्णालय उभे राहिले, आणि पुढे तीस हजारी येथे त्याचा विस्तार झाला. रुग्णालय म्हणजे तरी काय? पाळ्या लावलेली करुणा. एक परिचारिका झोपते तेव्हा दुसरी जागी असते. कोणा एकीचे मन कोरडे पडले तरी रुग्णाला वेळेवर औषध मिळते.

तर मग आपण काय करावे?

१. खरे बोला. मोशेप्रमाणे प्रथम देवापाशी, मग विश्वासाच्या एका माणसापाशी. ‘माझे मन कोरडे झाले आहे’ हे वाक्य तोंडातून निघाले की निम्मी लाज गळून पडते. सोंग आणू नका. सोंगाने थकवा दुप्पट होतो.

२. उपसा थांबवा. झोप, वेळेवर जेवण, आठवड्यातील एक मोकळी दुपार यांना ऐषआराम समजू नका. मोबाईलवरून रात्री उशिरापर्यंत जगभरची दुःखे पाहणाऱ्याने कोणाचेही अश्रू पुसलेले नसतात. त्याने आपली विहीर मात्र उपसलेली असते. बातम्यांना दिवसातील ठरावीक वेळ द्या.

३. समुदायातून एक चेहरा निवडा. योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेसदाच्या तळ्याकाठी रोग्यांचा समुदाय पडलेला होता; त्या दिवशी प्रभूने अडतीस वर्षे आजारी असलेल्या एकाशी बोलून त्याला उठवल्याचे योहान सांगतो. पदपथावरील शंभरांसाठी तुम्हांला काही वाटत नसेल; एकाला त्याचे गाव विचारा.

४. ओझे वाटून द्या. घरातील आजाऱ्याची सेवा एकीच्याच गळ्यात का? भाऊ, नणंद, मोठी मुले यांना पाळी नेमून द्या. आणि मंडळीने ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ इतक्यावर न थांबता शनिवारी चार तास त्या आजाऱ्यापाशी बसावे, म्हणजे ती सून झोपू शकेल. तिच्या आटलेल्या करुणेला त्या चार तासांइतका उपयोगी दुसरा उपदेश नाही.

५. दुसऱ्याचे दुःख अंगावर ओढून घेणे आणि त्याचे भले चिंतणे, यांतील भेद शिका. जर्मनीतील तानिया सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे दिसले की पहिल्याचा सराव माणसाला खचवतो, तर दुसऱ्याचा सराव त्याला बळ देतो; मेंदूचे भागही या दोन्ही वेळी वेगवेगळे जागे होतात. बुडणाऱ्याबरोबर बुडणे ही दया नव्हे. काठावर पाय रोवून दोर टाकणे ही दया. एखाद्याला पाहून मन हलले नाही तरी ‘प्रभू, याचे भले कर’ एवढे म्हणता येते.

६. लहान कृती सोडू नका. भावना परत येईपर्यंत कृतीने तिची जागा राखावी. पाणी देणे, औषधाची वेळ पाळणे, हळू आवाजात बोलणे, एवढे तरी होते. रस्त्यावर जखमी दिसला तर ११२ हा क्रमांक फिरवायला उमाळा लागत नाही. त्याला उमाळ्याची नव्हे, रुग्णवाहिकेची गरज असते.

सावध राहण्याचे ठिकाण

आतापर्यंत थकलेल्याची बाजू मांडली. आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण थकवा ही सबबही होऊ शकते. ‘मला काही वाटत नाही’ येथपर्यंत थकवा असतो. ‘यांची हीच लायकी आहे’ हे वाक्य मनात आले की तेथे तिरस्कार सुरू होतो. थकलेला मनुष्य कोरडेपणाने पाणी देतो. कठोर झालेला ते देतच नाही, आणि आपल्याला बरोबरही ठरवतो. आजाऱ्यावर हात उगारावासा वाटू लागला, तर त्याच क्षणी त्या खोलीतून बाहेर या आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. हे कबूल करण्यात नामुष्की नाही. न करण्यात मोठा धोका आहे, तुम्हांलाही आणि त्या असहाय जिवालाही.

तसेच, हा कोरडेपणा काही वेळा आजाराचे लक्षण असतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप व भूक बिघडली असेल, जगणे नको वाटत असेल, तर हा केवळ करुणेचा थकवा नव्हे, डॉक्टरांना भेटा. काही औषधांनीही भावना बोथट होतात. तसे वाटल्यास औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. एलीया झुडपाखाली मरण मागत निजला तेव्हा देवदूताने त्याला प्रथम भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. शरीराची काळजी घेणे हा अविश्वास नव्हे.

शेवटी

पुन्हा त्या मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवर या. थंडी आहे, तुम्ही बारा तास काम करून परतत आहात, आणि पदपथावर नेहमीची माणसे निजली आहेत. आज मनात काहीच हलत नाही. अशा रात्री तुम्ही सरळ घरी जाऊन झोपलात, तर प्रभू तुम्हांला दगड म्हणणार नाही; ज्याने शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवले तोच तो प्रभू आहे. पण घरी जाताना एवढे मनाशी ठरवा की उद्या अथवा परवा, उसंत मिळेल त्या संध्याकाळी, एकापाशी थांबायचे आहे. शोमरोन्याने उतारशाळा सोडताना परत येण्याचे वचन दिले होते. निघून जाणारा याजक आणि निघून जाणारा शोमरोनी यांच्यात तेवढेच अंतर आहे.

मननासाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात कोणाचे दुःख पाहून तुमचे मन हलले नाही? त्यामागे संख्या, घाई, भीती व थकवा यांपैकी कोणते कारण होते?

२. तुमच्या घरात किंवा मंडळीत एकट्याने ओझे वाहणारी व्यक्ती कोण आहे? तिला या आठवड्यात किती तास विसावा देता येईल?

३. मार्क ६:३०-४६ पुन्हा वाचा. तुम्ही आज त्यातील कोणत्या वचनापाशी उभे आहात : विसाव्याच्या आज्ञेपाशी, भाकरी मोजण्यापाशी, की तारवात बसण्यापाशी?